विरोधात एक

मंगळवारी मतदानासाठी वर झालेले मुलांचे हात खाली येईनात.

नागरिकशास्त्र मी पुस्तकातून शिकवत नाही; मी स्वतःही ते पुस्तकातून शिकलेले नाही. चौथीच्या वर्गातच ग्रामसभा भरवते. एकाने ठराव मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, मग हात वर, मग मोजणी. अध्यक्ष मी, म्हणून मला मत नाही. त्या दिवशीचा ठराव होता, मुलींच्या संडासाला आतून कडी लावावी. बाजूने सतरा, विरोधात एक. फळ्यावर 'बहुमताने मंजूर' लिहून मी म्हटलं, "हात खाली."

"येत नाहीत, बाई," पुढच्या बाकावरचा भिवसन म्हणाला. "काम झाल्याशिवाय यायचे नाहीत बहुतेक."

मला ते पटलं. मोठ्यांचे हात ताबडतोब खाली येतात, हेच तर मला नेहमी खटकायचं.

मी ठराव घेऊन पंचायतीत गेले. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी तो दोनदा वाचला.

"गणपूर्ती होती का?"

"अठरापैकी अठरा हात वर होते. अजून आहेत."

"एकमताने नाही म्हणजे."

"बहुमताने आहे."

"पोरांची सभा ती, बाई. बघू पुढच्या महिन्यात."

कडी मी त्याच दिवशी लावू शकले असते. पण पंचायतीचं काम पंचायतीनेच करावं, हे मुलांना दिसायला हवं होतं. माझा हट्ट.

बुधवारी हात लांब होऊन बोटं छताला टेकली. गुरुवारी ती पत्र्यातून बाहेर गेली. आता मुलांना बाकावरून उठता येईना. आया डबे घेऊन आल्या, घास भरवू लागल्या. एकीने मला ऐकवलं, "बाई, आमच्या वेळी नुसती घोकंपट्टी होती. बरी होती."

भाऊसाहेब पाहणीला आले. रस्त्यावरूनच पत्र्यावरचे हात मोजले. "अठरा," म्हणाले, आणि पाहणीच्या वहीत सही करून गेले.

शुक्रवारी मी माझ्या घराच्या दाराची कडी स्क्रू काढून सोडवली, दार सुतळीने बांधलं आणि शाळेत आले. कडी कोणी लावायची हे ठरावात नव्हतं.

लावण्याआधी मी मथुराजवळ गेले. विरोधातला हात तिचा. गेल्या वर्षी दुसऱ्या गावाहून आलेली, कोणात फारशी न मिसळलेली पोर.

"मथुरे, कडी लागली की यांचे हात सुटतील. तुझा नाही सुटणार."

"माहितेय."

"विरोध का केलास गं?"

"दाराबाहेर राखण मी करते ना, बाई. सगळ्या मलाच बोलावतात. कडी लागल्यावर कशाला बोलावतील?"

मी कडी पदराखाली झाकली. तिने पाहिलं.

"लावा. बहुमत आहे. पण विरोधात एक होता, ते पुसू नका."

मी चारही स्क्रू घट्ट पिळले. शेवटचा फिरायचा थांबला आणि सतरा हात पत्र्याच्या भोकांतून सरसरत खाली आले. पोरी पळत सुटल्या. आतून पहिल्यांदाच कडीचा आवाज आला. बाहेर कोणी उभं नव्हतं.

त्या परत आल्या तेव्हा मथुरा बाकावर तशीच बसली होती, हात छतापार.

"बाई, माझा एक ठराव आहे," ती म्हणाली. "अनुमोदन कोण देतंय?"

सतरा जणांनी आपापले हात काखेत घातले. भिवसनने तर मांडीखाली दाबून धरले.

"मांड," मी म्हटलं आणि फळ्यावर तारीख घालायला हात उचलला.

तारीख लिहून झाली. हात खाली आला नाही.