सानगडीचा जुना राउटर

संघपाल अकरा दिवस तोंड शिवून बसला होता, आणि असं बसण्यात इतकी मजा असते हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

भंडाऱ्याच्या त्या छोट्या इंटरनेट कंपनीत लेबल स्विचिंगचा आराखडा त्यानेच बनवला होता. साध्या रूटिंगमध्ये वाटेतला प्रत्येक राउटर डेटाच्या पाकिटाचा पत्ता वाचतो आणि पुढची वाट स्वतः ठरवतो. लेबल पद्धतीत भंडाऱ्यालाच पाकिटावर लेबल लागतं, मग वाटेतले राउटर पत्ता बघतच नाहीत, नुसतं लेबल पाहून पुढे ढकलतात. त्यामुळे एखाद्या बँकेची वाट इतरांच्या गर्दीतून वेगळी काढता येते. चार महिने खपून संघपालने हे लिहून काढलं, आणि त्याच्या सिनियर घनश्यामभाऊंनी नावाचं वरचं पान बदलून ते मालकांपुढे ठेवलं. घनश्यामभाऊ मॅनेजर झाले. संघपालने जाब विचारला, तर भर ऑफिसात हसले. "तू केबल ओढ बाबू, डोकं चालवाले आमी आहो ना."

त्या हसण्याला दोन वर्षं झाली होती. नोकरी गेली तरी बेहत्तर, पण हा माणूस चारचौघांत तोंडघशी पडलेला संघपालला बघायचा होता.

संधी आपणहून चालत आली. सानगडीच्या टॉवरवर वीज पडली आणि घनश्यामभाऊंनी गोदामातला जुना राउटर तिथे बसवायला लावला. ठरावीक मापाहून मोठं पाकीट तो मुकाट्याने फेकून देई, आणि भरलेल्या पाकिटाला लेबल लागलं की ते मापाबाहेर जाई. माप वाढवायला राउटरच्या सेटिंगमध्ये एक ओळ पुरे होती. पण ऑफिसची रीतच अशी, की पिंग, म्हणजे चाचणीला धाडलेलं पाकीट, जाऊन परत आला म्हणजे लाइन पास. पिंगचं पाकीट एवढंसं, ते लेबलासकट आरामात जातं. गावातली गिऱ्हाइकं साध्या रूटिंगवर, बिनलेबलाची, त्यांचीही तक्रार नाही. संघपालला मात्र हे पहिल्याच दिवशी दिसलं. त्याने कोणाला सांगितलं नाही. कशाला सांगावं?

अकराव्या दिवशी एका बँकेच्या मॅडम पाहणीला आल्या. सानगडीवरून जाणाऱ्या दिघोरीच्या शाखेचा पिंग झकास आला. मग फाइल पाठवली, तिची पाकिटं गच्च भरलेली, ती अडकली. पुन्हा पाठवली, पुन्हा अडकली. घनश्यामभाऊ घाईने पुढे सरसावले.

"लेबल काढून साधं रूटिंग करून टाकू, मॅडम. लगेच चालते."

"मग आमचा डेटा सगळ्यांच्या गर्दीतून जाणार. वेगळी वाट हवी म्हणूनच तर आलो," म्हणत मॅडमनी पर्स उचलली.

मालक मधुकररावांचा पारा चढला. "घनश्याम, काहून अडकून राहिलं हे? प्लान तुझाच आहे ना?"

संघपालला आतून गुदगुल्या होत होत्या. तेवढ्यात घनश्यामभाऊंनी त्याच्याकडे बोट केलं.

"माझा नाही, साहेब! पुरा प्लान या संघपालचा आहे. मी त्यात एक अक्षर नाही लिहिलं. यानंच बुडवलं आपल्याले!"

संघपालने फक्त गंमत बघायचं ठरवलं होतं, पण एवढं दान पदरात पडेल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तो उठला.

"बरोबर आहे. प्लान माझाच आहे. मॅडम, दोन मिनिटं बसा."

त्याने सानगडीच्या राउटरवर ती एक ओळ टाकली आणि फाइल सोडली. दिघोरीहून फोन आला, पोचली म्हणून.

"मग आम्हाला दिलेल्या कागदांवर यांचं नाव का नाही?" मॅडमनी विचारलं. मधुकरराव घनश्यामभाऊंकडे वळले.

"तसं नाही म्हणलो मी, साहेब, गडबडीत…"

"एक अक्षर नाही लिहिलं म्हणला तू," मधुकरराव म्हणाले. "आमी सगळ्यायनं ऐकलं. बाहेर बस जरा."

संध्याकाळी घनश्यामभाऊंनी संघपालला जिन्यात गाठलं. "तुले माहीत होतं! आधी काहून नाही सांगितलं?"

"माहीत होतं," संघपाल म्हणाला. ते लपवायची त्याला मुळीच इच्छा नव्हती. "राउटर बसला त्या दिवसापासून. जा वर, सांगा मालकाले. पण मंग हेबी सांगा लागन, का मॅनेजर असून तुमाले ते दिसलं काहून नाही."

घनश्यामभाऊ कठडा धरून जिना उतरू लागले. ते वर गेले नाहीत.