त्रेसष्ट गाठी आणि एक भोक

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी वेटिंग रूमची भिंत एका प्लंबरच्या लेकीला दिली, ती पेशंटांचं भय पळावं म्हणून. लेक शिल्पकार. तिनं भाजक्या मातीच्या त्रेसष्ट गाठी वळल्या : रागाच्या, रुसव्याच्या, गिळून टाकलेल्या रडण्याच्या. शिल्पाचं नाव ‘आवर’. तिची पहिलीच मोठी भिंत, आणि चार वाजता बाई बघायला येणार.

ऐन वेळी तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये. म्हणून भोकं पाडायला बाप आला. जन्मभर नळ जोडलेला माणूस; भिंतीला कान लावल्याशिवाय ड्रिल लावायचा नाही.

“बाबा, कागदावर खुणा आहेत ना? तिथंच पाडा. केसभरही इकडंतिकडं नको.”

“हो गं माझे आई.”

एक्केचाळीस गाठी लागल्या. लेक मागं सरली आणि किंचाळली. मधोमध वीतभर रुंद कोरा पट्टा, वरून खाली तिरका गेलेला.

“हे काय?”

“आत पाइप आहे. त्याला वाट सोडली.”

“नकाशात पाइप नाहीये!”

“नकाशा टेबलावर काढतात. पाइप भिंतीत असतो.”

“लहानपणापासून हेच! माझ्या प्रत्येक गोष्टीत तुमचा हात!”

“माझा? सकाळपासून श्वाससुद्धा तुला विचारून घेतोय मी.”

बाकावरचे सुजल्या गालाचे आजोबा कळवळले, “हसवू नका हो, दाढ ठणकते.”

लेकीनं डाव्या हातानं ड्रिल हिसकावलं. बेचाळिसाव्या खुणेवर टेकवलं. घर्रर्र... आणि पाण्याची पिचकारी थेट तोंडावर!

“अंगठा लाव!” बाप ओरडला. “मी कॉक बंद करून येतो. हलायचं नाही. बोलायचंही नाही.”

ती मुकाट उभी राहिली, ओलीचिंब, अंगठा भिंतीत.

आजोबांनी मान वाकडी करून पाहिलं. “खूण मात्र बरोब्बर साधलीस हो, पोरी.”

बापानं भिंत फोडली, पाइप सांधला, सिमेंट लिंपलं. तीन वाजले. उरलेल्या बावीस गाठी त्यानं ओंजळीओंजळीनं जवळ घेतल्या.

“या कुठं लावू?”

उत्तर तिच्या जिभेवर तयारच होतं. ती आजोबांशेजारी बसली आणि डावा हात मांडीखाली दाबून धरला.

“तुम्हाला पाइप ऐकू येतो. तुम्हीच ठरवा.”

बापानं रडण्याची एक गाठ उचलली, भिंतीला कान लावला आणि चांगली वाकडी टेकवली. मग मागं वळून पाहिलं.

“अशी?”

“विचारू नका ना बाबा,” ती डोळे मिटून म्हणाली, “सांगून टाकीन.”