फाटकावरचा पंजा

"पत्रा नवा आहे, काका. जस्ताच्या मुलाम्यावर तेल असतं. साबणाने धुवून व्हिनेगर फिरवल्याशिवाय रंग धरत नाही," रंगारी म्हणाला.

माझा काडीचा विश्वास बसला नाही. ही मंडळी तोंडाने धुतात, हाताने नाही! म्हणून डोक्याला तेल चोळून मी फाटकासमोरच खुर्ची टाकली. त्याने धुतलं, व्हिनेगर लावलं, परत धुतलं आणि पत्रा वाळेपर्यंत तो जेवायला गेला. मी लगेच उठून पत्र्यावर पंजा दाबून पाहिला. तेलकट लागलंच!

"अहो, कशाला हात लावताय?" बायको आतून ओरडली.

"तू गप्प बस. माणसावर नजर ठेवावी लागते."

दोन महिन्यांत रंगाचा पापुद्रा निघाला. मी फोन करून रंगाऱ्याला घरी बोलावलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा झापला.

त्याने फाटक वरपासून खालपर्यंत पाहिलं. रंग एकाच जागी गेला होता. त्याने माझा उजवा हात धरला आणि त्या उघड्या पत्र्यावर टेकवला.

चार बोटं आणि यंत्रात तुटलेली माझी अर्धी करंगळी, तंतोतंत बसली.