पहिले स्वागतगीत

बायनाबाईचा गळा कसा आहे, हे आंबेबोडीत कोणाला सांगावं लागत नव्हतं. बारसं असो, लग्न असो, जयंती असो, नाहीतर शाळेत कोणी साहेब येवो, तिचं सुजाता महिला गायन मंडळ हजर. पांढऱ्या साड्या, निळे काठ, ढोलकीवर गुणाबाई आणि पेटीवर बायनाबाईची सून रिना. पण याच बायनाबाईला ग्रामसभेत कोणी म्हटलं, बाई, दोन शब्द बोला, की झालं! पदर तोंडाशी आणि बाई खांबामागे. भरल्या मैदानात गाताना न लाजणारी ही बाई चार माणसांत बोलायची वेळ आली की घामाघूम. मंडळातल्या साऱ्याजणींचं तसंच. लोक हसायचे, त्याही हसायच्या. तोवर ती हसण्यावारी नेण्याचीच गोष्ट होती.

मग बातमी आली की कोळशाची खाण आंबेबोडीपर्यंत सरकणार. राजुऱ्याकडच्या गावांना असल्या बातम्या काही नव्या नाहीत. पलीकडच्या खाणीत बार उडाला की आंबेबोडीत फळीवरचे पेले आजही वाजतात. पण पेले वाजणं निराळं आणि घरादारासकट उठणं निराळं. बायनाबाईचं शेत तर खाणीच्या तोंडातच जात होतं. ते शेत तिच्या सासऱ्यानं घेतलेलं. त्या माणसानं जन्मभर दुसऱ्याच्या घरी सालदारकी केली, शिळंपाकं खाल्लं आणि म्हातारपणी कुठे स्वतःच्या नावाची काळी जमीन पाहिली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या नावावर कधी वीतभर माती नव्हती, त्यांना जमीन म्हणजे काय असते, हे मोबदल्याच्या गप्पा मारणाऱ्यांना काय कळणार? पारावर तसल्या गप्पा चालल्या की बायनाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

जनसुनावणी ठरली. म्हणजे मंडपात साहेब लोक बसतील, गावकऱ्यांनी माइकवर आपलं म्हणणं मांडायचं, आणि ते सारं वर जाईल.

"आपून काय बोलनार व बाई?" गुणाबाई बुद्धविहारात म्हणाली. "माहे तं आतापासूनच पाय कापून राह्यले."

"बोलाचं कायले?" बायनाबाई म्हणाली. "गाता येते ना आपल्याले? मंग गानंच म्हनू. विरोधाचं."

गाणं तिनंच जुळवलं. चुलीपुढे जुळवलं, कपाशी निंदता निंदता जुळवलं. "नाई देनार जी नाई देनार, पऱ्हाटीचं रान आमी नाई देनार." रोज संध्याकाळी वंदना झाली की विहारात तालीम सुरू. आणि बाई तालमीला मोठी खट! जरा कोणाचं लक्ष इकडेतिकडे गेलं की पेटी थांबवायला लावायची.

"अवं, 'नाई'वर जोर द्या ना! नवरीवानी काय लाजत लाजत नाई नाई करून राह्यल्या?"

बाया खो खो हसायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून उचलायच्या. सासऱ्याच्या सालदारकीचं कडवं आलं की गुणाबाईनं ढोलकी सोडायची, रिनानं पेटी सोडायची, नुसते आवाज राहायचे. ते पहिल्यांदा जमलं त्या दिवशी बायनाबाईचा नवरा हरिदास दारात उभा होता. तो बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही. खरं सांगायचं तर आजवर या बाया दुसऱ्यांच्या कार्यक्रमांना शोभा आणायला गायल्या होत्या. आपलं गाणं आपल्याच कामाला येईल, असं त्यांना पहिल्यांदा वाटत होतं. त्या दिवसांत बायनाबाई रस्त्यानं चालायची ती मान वर करून.

सुनावणीच्या दिवशी मंडपाच्या दारातच आदेश भेटला. गावचाच पोरगा. खाण कंपनीच्या माणसांना गावात हिंडवायचं काम करायचा. त्याच्या बारशाला बायनाबाईच गायली होती.

"काकू, पहिले स्वागतगीत घेऊन टाका ना. दोनच कडवे. मंग तुमचा नंबर आला का तुमचं ते विरोधाचं म्हना. कोन नाई म्हनते?"

रिना चिडली. "आई, कायचं स्वागत? आपून भांडाले आलो इथी!"

"अवं पोरी, दारात आलेल्याले आपून पानी देतोच ना? मंग कराचं भांडन. माइकही तपासून होईन."

आता यात बाईचं काय चुकलं? उभ्या आयुष्यात तिच्या मंडळानं स्वागत केल्याशिवाय कोणता कार्यक्रम सुरू केला नव्हता. गाणाऱ्या बायांची तीच रीत. रिनानं तोंड फुगवलं, पण पेटी उघडली. आणि बाया गायल्या. रोजच्या तालमीनं गळे असे तापलेले की मंडप चिडीचूप झाला. साहेबांनी मान डोलावली, गळ्यात हार पडले, टाळ्या झाल्या. आदेश फोन उंच धरून उभा होता.

मग माणसांची भाषणं झाली. कोणी विरोधात, कोणी बाजूनं, कोणी नुसतंच. उन्हानं मंडप तापला. शेवटी बायनाबाईचं नाव पुकारलं तेव्हा अख्खं मंडळ उठलं. गुणाबाईनं ढोलकी पोटाशी घेतली.

"ताई, गाणं झालं ना मघाशी," मंचावरचे साहेब म्हणाले. माणूस रागावलेला नव्हता, उलट हसून बोलत होता. "फार छान झालं. आता तुमचं म्हणणं बोलून सांगा. गाणं काही नोंदवता यायचं नाही."

"माह्यं म्हननं गान्यातच हाये साहेब."

मंडपात हशा पिकला.

"थोडक्यात बोला ताई. पुष्कळ लोक आहेत अजून."

बायनाबाईनं माइक धरला. "मी बायनाबाई हरिदास दुर्गे. राहनार आंबेबोडी." एवढं आलं आणि पुढे काही येईना. चालीत बांधलेले शब्द चालीशिवाय निघतच नव्हते. मागून रिना दबक्या आवाजात ओरडत होती, "नाई देनार म्हना, आई! नुसतं नाई म्हना!" एकच शब्द, हो! ज्या शब्दासाठी बायांना रोज रागावली, तोच. बायनाबाईचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. रिनानं माइककडे धाव घेतली, तोवर तो पुढच्या माणसाच्या हातात गेला होता.

त्या गायल्याच नाहीत असं नाही. मंडपामागे, पाण्याच्या टाकीजवळ उभ्या राहून साऱ्या कडव्यांसकट गायल्या. पण भोंग्यातून भाषण चालू होतं. टाकीवर पाणी प्यायला आलेल्या दोघांनी तेवढं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी गावातल्या प्रत्येक फोनवर व्हिडिओ आला. हार, टाळ्या, पांढऱ्या साड्या, आणि खाली मजकूर : आंबेबोडीच्या महिलांनी गाऊन केले खाणीचे स्वागत. बायनाबाई तडक आदेशच्या घरी गेली. तो खाली मान घालून म्हणाला, "मी तं तुमाले नंबर देल्ला होता ना काकू. तुमीच नाई बोलल्या." खोटं कुठे होतं त्यात? नळावर गेली तर एकीनं विचारलं, "काय व बाई, कंपनीकडून साडीवर साडी भेटली का?" कालपर्यंत तिच्याच मागे कोरस धरणारी होती ती. संध्याकाळी विहारात तालमीला एकटी गुणाबाई आली, तीही ढोलकी न आणता. रिना घरात कामापुरतं बोलायची. जयंतीसाठी पोरांनी चंद्रपूरचा डीजे ठरवला, आणि ते बायनाबाईला कोणी सांगायलाही आलं नाही.

कापूस वेचून झाला आणि मोजणीवाले शेतात चुना टाकून गेले. हरिदास ते पाहून आला, हातपाय धुतले, ओसरीवर बसला. त्यानं फोन काढून तो व्हिडिओ लावला. इतक्या दिवसांत त्यानं तो पाहिलाच नव्हता. बायनाबाई चुलीपाशी होती. तिला वाटलं, आता हा बोलेल. बोलू दे एकदाचं. स्वागतगीत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजलं. त्यानं फोन बंद करून खिशात ठेवला.

"आवाज मात्र मस्त लागला तुह्या," तो म्हणाला.

टोमणा मारणं त्या माणसाला जन्मात जमलं नव्हतं. तो मनापासून म्हणाला होता. बायनाबाईनं भाकरी तव्यावर टाकली आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. त्यापेक्षा त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.