दसऱ्याचा फोटो

दोन हजार पाचच्या डिसेंबरात आमच्या द्राक्ष निर्यातीच्या ऑफिसात माझ्याशी कोणी धड बोलत नव्हतं. आम्ही परदेशी व्यापाऱ्यांना ईमेलने दर कळवायचो, आणि लगेच दिंडोरीकडचा एक निर्यातदार त्याहून किंचित कमी दर द्यायचा. म्हणजे आमचे मेल कोणीतरी वाचत होतं. पासवर्ड दोघांनाच माहीत, मालक दिवाकर सर आणि मी. मालकावर कोण संशय घेणार?

"शुभांगी, शनिवारपर्यंत खरं सांग, नाहीतर राजीनामा दे," सर म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. मग मीही सगळ्यांवर नजर ठेवली. मनीषा माझ्या मागे उभी राहून स्क्रीनकडे का बघते? मी आले की ज्ञानेश फोन का ठेवतो? मी एकटीच जेवू लागले. मनीषाने एकदा वांग्याची भाजी पुढे केली, तर त्यातही मला डाव दिसला.

शुक्रवारी सरांनी नव्या वर्षाच्या शुभेच्छा पाठवायला सांगितल्या. "दसऱ्याला मी ज्यांना पाठवल्या, त्या सगळ्यांना."

त्यांचा तो मेल उघडला. सरांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरच्या पूजेचा फोटो. झेंडूची माळ, कीबोर्डवर हळदकुंकू, आपट्याची पानं. आणि मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी! सरांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून पासवर्ड जाड पेनने लिहिलेला. फोटो त्यांनीच हौसेने काढला होता आणि ओळखीच्या प्रत्येकाला पाठवला होता, दिंडोरीवाल्यालासुद्धा.

सरांना दाखवला. त्यांचा चेहरा उतरला. "बरं, झालं ते झालं. तू कामाला लाग."

"नाही सर. माझं नाव सगळ्यांसमोर खराब झालंय, सगळ्यांसमोरच साफ करा."

सर बाहेर आले. "चूक माझी होती. शुभांगीचा काही दोष नाही," ते कसंबसं म्हणाले.

तेवढ्यात ज्ञानेश पुटपुटला, "मला ती चिठ्ठी तेव्हाच फोटोत दिसली होती."

"मग बोलला का नाहीस?" सर ओरडले.

ज्ञानेशने नोटीस बोर्डाकडे पाहिलं. गणपतीच्या सुमारास मनीषाने आपण होऊन सांगितलं होतं, की भलताच मेल उघडल्याने तिच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला. सरांनी 'निष्काळजी कर्मचारी' म्हणून तिचं नाव बोर्डावर लावलं. ते अजून तिथेच होतं.

सर त्या कागदापाशी गेले. मग टाचण्या काढून तो उतरवला. "यापुढे चूक दिसली की सांगा. माझी असली तरी. इथे कोणाचं नाव लागणार नाही."

दुपारी ज्ञानेश डबा घेऊन माझ्या टेबलाशी आला. सगळं माहीत असून हा माणूस मला एकटीला जेवताना बघत होता! मला त्याचा भयंकर राग आला. मी त्याला बस म्हटलं नाही, मनीषाला तेवढी हाक मारली.

मनीषा आली आणि तिने आधी त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"बस रे," ती म्हणाली. "सांगितलं की काय होतं, ते मला माहीत आहे."