जांभळटेकच्या दिव्याची पाळी

शनिवारी दुपारी पाऊण वाजता प्रांजल भोरला माझ्या घरी आली, तेव्हा मी नुकताच जेवणाच्या पानावरून उठलो होतो. एरवी ही मुलगी देव्हाऱ्याला नमस्कार केल्यावाचून बोलत नसे. त्या दिवशी ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"गुरुजी, आज संध्याकाळी सहाला गाव जाणार," ती म्हणाली. "आणि तुमच्या नियमानं जाणार."

गाव कोणते, ते आधी सांगितले पाहिजे.

गुंजवणी धरणाच्या पाण्याखाली जांभळटेक ही बेचाळीस घरांची वस्ती गेली, त्याला आता वीसहून अधिक वर्षे झाली. माणसे कामथडीला, भाटघराकडे, काही पुण्याला पांगली. प्रांजलचा जन्म त्यानंतरचा. तिने आपले गाव पाहिले ते केवळ बयाबाईच्या, म्हणजे तिच्या आजीच्या बोलण्यातून. कॉलेजात असताना तिला मोबाईलवर 'रानवस्ती' नावाचा ऑनलाइन खेळ सापडला. त्यात पुष्कळांनी मिळून एक वसाहत उभारायची, राखायची आणि नांदती ठेवायची असते. प्रांजलने त्यात जांभळटेक बांधायला घेतले आणि बेचाळीस घरांमधून एकेक माणूस गोळा केला.

कोणते घर कोठे होते, हे नेमके सांगणारी मात्र एकच व्यक्ती उरली होती. सगुणाबाई ही गावची सुईण. प्रत्येक उंबरा तिच्या पायांखालून गेलेला. तिचा मुलगा हनुमंत कामथडीच्या घरी मोबाईल धरून बसे आणि ती सांगे, "अरं, गेनबाचं दार उगवतीला न्हाई, खाली ओढ्याकडं. म्या कंदील घिऊन किती येळा गेलीय." अशा रीतीने दगडावर दगड चढून गाव उभे राहिले. जांभळाईचे देऊळही झाले.

बांधून झाले आणि उत्साह ओसरला. नावे बेचाळीस, पण येणारे अकरा. खेळाचा दंडक असा, की ज्याच्या हाती दिवटी असेल त्याने रोज संध्याकाळी सहाच्या आत वसाहतीचा दिवा लावावा. तीन संध्याकाळ दिवा लागला नाही, तर वसाहत ओसाड समजून पुसली जाते. चार महिने प्रांजल एकटीच दिवा लावत होती. अखेर थकून ती माझ्याकडे आली होती.

"बक्षीस ठेवलं, स्पर्धा घेतल्या, नाव काढून टाकीन म्हणाले. एक काका म्हणतात, काढ बाई, तेवढीच मोबाईलला जागा व्हईल."

मला हसू आले होते. मग मी कपाटातून एक जुना कागद काढला. जांभळाईचे उपाध्येपण आमच्या घराण्याकडे होते. तिच्या दिवाबत्तीची पाळी घरोघर फिरे, प्रत्येक घराकडे सोमवार ते रविवार असे सात दिवस. त्या पाळ्यांची यादी आणि तिच्याखाली देवळाचे नियम, सारे माझ्या आजोबांच्या हातचे होते. मी तिला सांगितले, "माणसांना बोलावू नकोस. त्यांच्यावाचून अडेल असे कर." दिवटी एकेका घराकडे सात दिवस द्यावी, आणि त्या आठवड्यात गावाने कोणते काम करायचे तेही त्याच घराने ठरवावे, अशी आखणी झाली.

देवळाचे जुने नियम मी स्वच्छ अक्षरांत उतरवून दिले. पाळी चुकवू नये. दुसऱ्याची पाळी मागू नये. सुतकात दिव्याला किंवा दिवटीला हात लावू नये. बायकांच्या चार दिवसांचा नियमही त्यात होता, तो वाचून प्रांजल म्हणाली, "हा खोडा, नाहीतर निम्मं गाव मीच काढून टाकते." मी तो खोडला. बाकीचे राहिले.

महिन्याभरात अडतीस माणसे रोज येऊ लागली. कोणी बांध घातले, कोणी ओढ्यावर साकव टाकला. बयाबाईंनी शहात्तराव्या वर्षी आपली पाळी स्वतः पुरी केली; "अंगठा लई जाड हाय माझा, दुसऱ्याच्याच गोठ्यात शिरतो," एवढीच त्यांची तक्रार. पुढे बेचाळीसही जण येऊ लागले. मला त्याचा अभिमान वाटला, हे लपवत नाही.

या सोमवारी पाळी हनुमंताकडे गेली. तीन दिवस त्याने दिवा लावला. गुरुवारी सकाळी सगुणाबाई गेल्या.

"मग गुरुवारपासून दिवा नाही?" मी विचारले.

"न्हाई. दिवटी त्यांच्याकडंच अडकलीय. दुसऱ्याला द्यायची तरी हात लावावा लागतो, आणि तुमी लिहिलंय लावू नये."

"तीन दिवस तुम्ही सर्व काय करीत होता?"

"मयताच्या घरी खेळासाठी फोन कसा करायचा गुरुजी? मला वाटलं दुसरं कुणी करंल. सगळ्यांना तेच वाटलं. खेळवाल्यांना लिहिलं, तर पाच दिवसांत उत्तर देऊ म्हणतात. सगुणाआजी गेली. आता कुणाचं दार कुठं होतं ते फक्त त्या गावात हाय."

"चित्रे काढून ठेवली असतीलच."

"फोटो आहेत. फोटोत चालता येत नाही."

मी उपरणे घेतले, आजोबांचा कागद पिशवीत घातला आणि निघालो.

कामथडीला पोहोचेतो अडीच वाजले. हनुमंताची पत्नी रत्ना ओटीवर बसली होती. तिने सांगितले, सकाळी राख सावडली आणि ती घेऊन हनुमंत गुंजवणीच्या धरणावर गेला. आईला आपल्या गावच्या पाण्यात सोडायचे म्हणून.

"आणि मोबाईल?"

"पेटीत हाय, बंद करून. दहा दिस हात लावायचा न्हाई म्हनले."

"वैनी, तुमाला उघडायला येतो का?" प्रांजलने घाईने विचारले.

"मला कशाचा येतोय! ती खूण ह्यांना ठावं, न्हाईतर आत्याबाईंना." सासूचे नाव निघताच तिचे डोळे भरले. मग ती उठली, पेटीतून मोबाईल काढून तिने माझ्या पुढ्यात जमिनीवर ठेवला. "मी देत न्हाई. तुमी उचलला तर चालंल."

मी तो उचलला.

नसरापुरातून रोहिदासाचा दुधाचा टेम्पो वेल्ह्याच्या रस्त्याला जात होता. कॅन रिकामे होते. प्रत्येक खड्ड्यात ते एकमेकांवर आदळत. मार्गासनीपाशी प्रांजलने विचारले, "तुमी त्यांना काय सांगणार? नियम मोडा म्हणून?"

"मोडावा लागणार नाही. शास्त्राने याला वाट ठेवली आहे. जे व्रत आधीच आरंभिले, त्याला मध्ये आलेले सुतक लागत नाही. हनुमंताची पाळी सोमवारी सुरू झाली होती. त्याने दिवा लावला असता तर काही दोष नव्हता."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "हे तुमाला आज कळलं?"

"नाही. पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे."

"मग लिहिलं का नाही?"

खरे उत्तर मला ठाऊक होते. अपवाद सांगितला की लोक सबबी काढतात, असे मला वाटले होते. विद्या माझ्याजवळ असावी आणि लोकांजवळ केवळ धाक असावा, असा तो हिशेब होता. इतके स्पष्ट मी तिला बोललो नाही. "चुकलो," एवढेच म्हणालो. ती घड्याळ पाहू लागली.

रोहिदासाने आम्हाला धरणाच्या वरच्या अंगाला उतरवले तेव्हा पाच वाजून पस्तीस मिनिटे झाली होती. पाणी बरेच खाली गेलेले. काठापर्यंत भेगाळलेला, निसरडा उतार. खाली पाण्याशी हनुमंत बसलेला दिसत होता, डोक्याला रुमाल, शेजारी रिकामे गाडगे. माझे गुडघे अशा उताराचे राहिलेले नाहीत. मी मोबाईल प्रांजलच्या हाती दिला.

"तू धाव. त्याला सांग, गुरुजींनी परवानगी दिली आहे."

ती धावली. मी काठी टेकत उतरू लागलो. वरून मला दोघे दिसत होते. ती हात हलवून बोलत होती, मोबाईल पुढे करीत होती. तो मान हलवत होता. मग ती माझ्याकडे वळून ओरडली, "न्हाई म्हणतायत! गुरुजी तोंडानं सांगतील तरच!"

मी तिथूनच ओरडलो. म्हातारा आवाज, वाऱ्याने परतवला. मग मी काठी टाकली आणि बसून, घसरत घसरत, जमेल तसा खाली आलो. इतक्या सावकाश मी आयुष्यात कधी चाललो नसेन आणि इतकी घाईही कधी केली नसेल.

पोहोचलो तेव्हा सहाला चार मिनिटे होती.

"हनुमंता, आरंभिलेल्या व्रताला सुतक नाही. दिवा लाव."

तो उठून उभा राहिला. "तुमी तर लिवलं हुतं—"

"अपुरे लिहिले. लाव, बाबा."

त्याने राखेचे हात पाण्यात धुतले, शर्टाला पुसले. मोबाईल सुरू होण्यास जो वेळ लागला, त्यात प्रांजलने तीनदा देवीचे नाव घेतले. मग खूण, मग खेळाचे चक्र फिरत राहिलेले. रेंज एकच कांडी. अखेर जांभळटेक उघडले.

देवळापुढे सारे गाव उभे होते. एकेक करून बाकीची एक्केचाळीस माणसे, आपापल्या घरी मोबाईल धरून, अंधाऱ्या दिव्याभोवती येऊन थांबली होती. कोणालाच तो लावता येत नव्हता, पण कोणी परतले नव्हते.

"अरं, बाजूला व्हा की!" हनुमंत मोबाईलवरच ओरडला. दिवटी घेऊन त्याचा माणूस पायऱ्यांशी आला आणि अडला. दाटी इतकी की वाट नाही. अगदी दारात बयाबाई उभ्या, त्यांचा अंगठा नेहमीप्रमाणे भलतीकडे. "बयाआज्जी, सर! आगं सर!"

त्यांना तिकडे ऐकू जाणार कसे?

हनुमंताचा माणूस एक पायरी चढला, मग दुसरी. तेवढ्यात घरे, ओढ्यावरचा साकव, देऊळ आणि माणसे एकदमच गेली. मोबाईलवर उरले ते मोकळे हिरवे रान.

हनुमंताने मोबाईल मांडीवर ठेवला.

"पयल्या बारीला पानी यायच्या आदी टेम्पो आणून समद्यांना हलिवलं," हनुमंत म्हणाला. "आवंदा एक बी हललं न्हाई बगा." मग तो पाण्याकडे वळला. "आये, तुझं घर परत गेलं गं."

मला त्याच्यापुढे मान वर करवेना. "दोष माझा आहे, हनुमंता," मी म्हणालो. "तुझ्याकडे त्याचा लवलेशही नाही."

प्रांजलचा मोबाईल वाजला. बयाबाई होत्या, आणि त्यांच्यामागून गटातली बाकीची माणसेही एकेक करून त्याच फोनवर येऊ लागली. प्रांजलने आवाज मोठा केला.

"पोरी, मला नुसतं रान दिसतंया. माझ्या अंगठ्यानं काय मोडलं का?"

"न्हाई गं आजी. वेळ संपली."

"मंग बसलाय काय? रान हाय न्हवं? उद्या ऐतवार हाय. हनम्याची पाळी उद्यापतुर हाय."

हनुमंताने माझ्याकडे पाहिले. "तोंडी न्हाई, गुरुजी. लिवून द्या. आन् समद्यांना द्या."

मी आजोबांचा कागद गुडघ्यावर धरला. सुतकाचा नियम खोडला, खाली आरंभिलेल्या व्रताचे वचन सोप्या शब्दांत लिहिले आणि त्याखाली 'हे मी आधी सांगायला हवे होते' असे लिहून सही केली. प्रांजलने त्याचे चित्र काढून सर्वांना पाठवले.

खेळात नवी वसाहत सुरू करायची, तर पाळीकराला आधी एक दगड ठेवावा लागतो. हनुमंताने बोट उचलले. ते रानावर तसेच थांबले.

"देवळाचा पयला दगड कुठं हुता?" त्याने हळूच विचारले. "आईनं सांगितलेला मला आठवंना."

"जांभळीच्या बुंध्याला," बयाबाई म्हणाल्या.

"बुंध्याला कसला? वर, चढाला!" दुसरा एक आवाज आला.

"तू कवा हुतास रं गावात? पाळण्यात हुतास!"

"पाळन्यातनं बी देऊळ दिसायचं आमच्या दारातनं!"

"दार तुमचं ओढ्याकडं हुतं, सगुणीनं सांगितलंय!"

एकेका घराचा आवाज त्यात मिसळू लागला. पाण्यावरचा उजेड सरत चालला होता. हनुमंत बोट तसेच उचलून, मान खाली घालून, ऐकत राहिला.