कारण बाहेर थंडी आहे

शाळेच्या टोकाच्या त्या खोलीत ऋतू आधी यायचा आणि बाहेर मागाहून. विस्कॉन्सिनमधल्या त्या गावात मक्याची कापणी अजून चालू असायची, तोवर कॉरिन व्हॅन्डेहाय भिंतीवर कागदी भोपळे लावून मोकळी. भोपळे उतरले की शिकारीच्या हंगामाची हरणं, हरणं उतरली की बर्फाचा माणूस. खोली पूर्वी व्यायामाच्या गाद्या ठेवायची होती आणि वास अजून गाद्यांचाच यायचा. ज्या मुलांना बोलायला किंवा बोललेलं समजायला जड जायचं, ती तिच्याकडे पाठवली जायची. ऋतूचं चित्र दाखवायचं, 'का' विचारायचं, 'आधी काय झालं, मग काय झालं' विचारायचं, हे तिचं काम. मुलांना जे भोवती दिसतं त्यावरच भाषा चढते, असं ती मानायची आणि त्यात काही खोटं नव्हतं.

जूनी क्रॉप तिसरीत होती. कान ठणठणीत. पण समोरच्याचं वाक्य डोक्यात उतरून त्याचा अर्थ लागेपर्यंत समोरचा पार पुढे निघून गेलेला असायचा. मग ती हसायची आणि मान डोलवायची. लोक म्हणायचे, काय गुणी पोर आहे. गुणी कसली, बिचारी बुडत असायची आणि कुणाला कळायचं नाही.

तिची आई ग्वेन वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात कामाला होती. ती आणि कॉरिन एकाच हायस्कुलातल्या, त्यामुळे अगंतुगं. शाळा सुरू झाली तशी ग्वेन येऊन म्हणाली, "मला पण दे की तुझी ती चित्रं. घरी घेईन तिच्याकडून करून. माझ्याकडून कुणी काही करून घेतलं नाही, बघ आता, लोकांच्या चादरी धुतेय."

कॉरिनला भरून आलं. असे आईबाप मिळतात कुठे? तिने वर्षभराच्या चित्रांचा अख्खा संच ग्वेनच्या हातात ठेवला. प्रत्येक चित्राच्या मागे प्रश्न आणि नमुन्याचं उत्तर छापलेलं होतं, त्यासकट दिला. तेव्हा तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

झालं. जेवणाची भांडी घासून झाली की ग्वेन पोरीला घेऊन बसायची. अंग दुखत असो, डोळे मिटत असोत, चुकवलं नाही. आणि जूनी अशी सुटली म्हणता! भोपळ्यात मेणबत्ती का लावतात, शिकारीला जाणारे नारिंगी कपडे का घालतात, हातमोजे का घालतात, थंडीत अस्वल कुठे गेलं, विचारायचा अवकाश, उत्तर हजर. कॉरिन तिची प्रगती टिपून ठेवत होती आणि मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटत होती.

फेब्रुवारीत एकदा तिने हातमोज्यांचं चित्र पुढे केलं आणि सहज, गंमत म्हणून भलतंच विचारलं. "जूनी, ह्यातला एक मोजा हरवला तर काय करशील?"

"कारण बाहेर थंडी आहे," जूनी म्हणाली.

कॉरिनने हातातलं चित्र खाली ठेवलं. तिने दुसरं चित्र घेतलं, तिसरं घेतलं, प्रश्न उलटेसुलटे केले. जूनीची उत्तरं मात्र जिथल्या तिथे. पोरगी प्रश्न ऐकतच नव्हती. चित्र दिसलं की पाठ केलेलं ओतायची. नुसती घोकंपट्टी! सबंध हिवाळा त्या दोघी मायलेकींनी रक्ताचं पाणी केलं आणि हाती काय, तर पाठांतर. आणि ते करायला चित्रं दिली कुणी? कॉरिनने.

संध्याकाळी तिने फोन केला. "ग्वेन, ती चित्रं आता बंद कर. पाठ झालीत तिला."

"पाठ झाली म्हणजे आली ना?"

"नाही गं. तसं नाही ते."

"तूच दिलीस, तूच म्हणालीस घे म्हणून. आता पोरगी करायला लागली तर बंद कर?" ग्वेनचा आवाज चढला. "तुम्हा शाळावाल्यांना नक्की हवंय तरी काय?"

कॉरिनला नीट सांगता आलं नाही. दुसऱ्याचं बोलणं मुलांच्या डोक्यात उतरवायचं काम करणारी बाई ती, पण स्वतःचंच बोलणं तिला ग्वेनपर्यंत पोचवता येईना.

मार्चमध्ये जूनीला ह्या खोलीत ठेवायचं की नाही, ते ठरवायची वर्षाची बैठक बसली. जिल्ह्याच्या शिक्षण ऑफिसातून टॉड ब्रांडल आले होते. माणूस वाईट नव्हता, पण ज्याला आकडा नाही ते त्याच्या लेखी नव्हतंच. ग्वेन धुलाईखान्यातून तशीच आली होती. तिचा नवरा ड्वेन दुधाचा टँकर चालवायचा, तोही आला, उजव्या हाताला जाडजूड पट्टी बांधून. तळ्याच्या बर्फात मासेमारीसाठी भोक पाडताना गिरमिट हातावर सटकलं होतं. जूनी तेव्हा शेजारीच बादली पालथी घालून बसलेली होती.

"छान बातमी आहे," ब्रांडल म्हणाले. "ऋतूचं चित्र पाहून 'का'चं उत्तर पूर्ण वाक्यात, शंभरात ऐंशी वेळा, हे आपलं उद्दिष्ट होतं. जूनी त्याच्या पुढे गेली. तिला आता ह्या खोलीची गरज नाही. रांगेत बाकीची मुलं आहेतच."

उद्दिष्ट कॉरिननेच लिहिलं होतं. मोजता यावं म्हणून चित्र, मोजता यावं म्हणून पूर्ण वाक्य. समजलं का, हे त्यात कुठेच नव्हतं. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा.

"तिला समजत नाहीये," कॉरिन म्हणाली. "ती पाठ केलेलं म्हणते."

"असं कसं म्हणता? सगळे आकडे तुमचेच आहेत," ब्रांडल म्हणाले.

"तिला बोलवा. मी दाखवते."

बोलवायला नको होतं. पण पोर हातची जाईल ह्या धास्तीने कॉरिनला दुसरं काही सुचलं नाही. जूनी आली, एवढी मोठी माणसं पाहून हसली. कॉरिनने ड्वेनच्या हाताकडे बोट केलं. "जूनी, बाबांच्या हाताला पट्टी का बांधलीय?"

जूनीने हात पाहिला. बापाचं रक्त बर्फावर सांडताना तिने पाहिलं होतं, घरी येईपर्यंत रडली होती. ती विचार करत राहिली. ड्वेन ओठ हलवून तिला सांगू पाहत होता.

"कारण बाहेर थंडी आहे," जूनी म्हणाली आणि आईकडे बघितलं, बरोबर ना म्हणून.

ग्वेनचा चेहरा लाल झाला. मग ब्रांडल खाकरून म्हणाले, "वाक्य पूर्ण आहे. हाताकडे पाहून कारण दिलंय. मी तर हे धरेन."

"ग्वेन, ऐक माझं," कॉरिन म्हणाली. "तू नको म्हण. आईबापांनी नको म्हटलं तर जिल्ह्याच्या ऑफिसला थांबावं लागतं. मी नव्याने सुरुवात करते, चित्रांशिवाय."

"चार माणसांत माझ्या पोरीचं हसं केलंस," ग्वेन म्हणाली. आवाज अगदी खाली होता. "काय दाखवायचं होतं तुला? ती मठ्ठ आहे? का मी मठ्ठ आहे?"

"असं नाही गं..."

"कुठे सही करायची, मिस्टर ब्रांडल?"

ड्वेन म्हणाला, "ग्वेन, जरा थांबूया का?" पण तिने पेन उचललं होतं. सही करताना तिचे डोळे भरले होते आणि ती मुद्दाम वर बघत नव्हती. कॉरिनने हात टेकले. पोरीला वाचवायला गेली आणि स्वतःच तिचं दार लावून बसली. त्या दिवशी घरी जाताना ती गाडीत हमसून रडली.

पुढच्या आठवड्यात तिने भिंतीवर वसंतातल्या पावसाच्या छत्र्या आणि कोंबडीची पिल्लं लावली. खोलीत नवा मुलगा होता. दार उघडलं आणि जूनी आत आली, नेहमीच्या वेळेला, नेहमीसारखी.

कॉरिन तिच्यापुढे गुडघ्यावर बसली. "जूनी, तुझं इथलं काम संपलं बाळ. आता ह्या वेळेला तू वर्गातच थांबायचं. इथे यायचं नाही. समजलं?"

जूनी तोंडभर हसली. "हो, मिस कॉरिन," म्हणाली, मान डोलावली, आणि नव्या मुलाच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.